जाळ्याच्या आतलं पाणी

गावातली लहानथोर माणसं त्याला जाळेकाका म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. किनाऱ्यासमोर शार्कसाठी लावलेलं सरकारी जाळं सांभाळायचं, हे त्याचं काम. दिवसाआड बोट घेऊन जायचं, जाळं वर ओढून बघायचं, फाटलं असेल तिथे शिवायचं, अडकून मेलेलं असेल ते काढायचं. इतक्या वर्षांत इथे शार्कने कुणाला दात लावला नव्हता. लोक निर्धास्त पोहायचे, आणि तो बाजारात दिसला की हाक मारून चहा पाजायचे.

लोकांना वाटे, जाळं म्हणजे समुद्राला घातलेली भिंत. भिंत कसली! समुद्रात मध्येच टांगलेलं एक लांब फडकं होतं ते. दोन्ही टोकांना मोकळं, खालूनही मोकळं. शार्क मनात येईल तेव्हा वळसा घालून आत यायचे. जे अडकायचे त्यातले कितीतरी आतल्या बाजूने अडकायचे, म्हणजे पोहणाऱ्यांच्या पायांखालून फेरफटका मारून, कुणाच्या अध्यात ना मध्यात, परत निघालेले असायचे. हे त्याला ठाऊक होतं, बोटीवरच्या जोडीदाराला ठाऊक होतं आणि कचेरीतल्या साहेबालाही ठाऊक होतं. साहेबाचं म्हणणं, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती उघडलीत तर किनारा ओस पडेल.

घरीही जाळेकाकाने ती मूठ उघडली नव्हती. त्याची एकुलती एक लेक औषधांच्या दुकानात कामाला होती आणि रोज सकाळी दुकानात जाण्याआधी समुद्रात लांबवर पोहून यायची. तो तिला मासोळी म्हणायचा. आई कुरकुरली की मासोळी म्हणे, बाबांचं जाळं आहे ना तिथे, मला काय धाड भरलीय? त्यावर तो नुसता हसायचा. आपल्याला वाचवणारा माणूस म्हणून लेक आपल्याकडे बघते, हे सुख कुठला बाप आपणहून सोडेल?

जाळ्यात शार्कपेक्षा बाकीचेच जीव जास्त मरायचे. डॉल्फिन, कासवं, सील. श्वासासाठी वर येता न आल्याने गुदमरून जायचे बिचारे. मेलेलं जनावर भूशिराच्या पलीकडे, भर समुद्रात नेऊन टाकायचं असा नियम होता. एक तर किनाऱ्यावरच्या लोकांना ते दिसू नये, आणि दुसरं म्हणजे सडक्या मांसाच्या वासावर शार्क फार लांबून येतात. नियम शहाणपणाचा होता, पण त्यात अख्खी सकाळ मोडायची.

त्या दिवशी त्याची दाढ ठणकत होती. रात्रभर लवंग धरून झाली होती, गाल सुजून भोपळ्यासारखा झाला होता. दाताचा डॉक्टर दुपारी दवाखाना बंद करायचा. जाळ्यात नेमकी एक डॉल्फिन आणि तिचं पिल्लू निघालं, दोन्ही फुगलेली. जोडीदार अंगाने काडी, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत. तो बोट भूशिराकडे वळवायला लागला, तेव्हा जाळेकाकाने गालावरचा हात न काढताच सांगितलं, टाक इथेच, जाळ्याच्या बाहेर. पहिलवान म्हणाला, वारा किनाऱ्याकडे आहे. जाळेकाका म्हणाला, एका दिवसाने काय आभाळ कोसळतंय? दोघांनी मिळून ती धुडं पाण्यात ढकलली. दुपारी दाढ निघाली आणि त्याला गाढ झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मासोळी नेहमीसारखी पोहायला गेली.

ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगितलं की ती ओरडलीसुद्धा नाही. एकदा खाली ओढली गेली, पुन्हा वर आली, आणि भोवतीचं पाणी काळपट झालं. जीवरक्षकाने तिला आपल्या तरंगत्या फळीवर घेतलं आणि फळीचीच दोरी मांडीला आवळून बांधली, म्हणून ती दवाखान्यापर्यंत पोचली. पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला.

गावाने मग साप साप म्हणून भुई धोपटली. बोटी निघाल्या, मोठाले पांढरे शार्क मारून धक्क्यावर टांगले गेले, लोकांनी त्यांच्या जबड्यात डोकी घालून फोटो काढले. साहेब फुलं घेऊन आला आणि जाळ्याची दुसरी रांग मंजूर झाल्याचं सांगून गेला. समुद्री प्राण्यांचा अभ्यास करणारी एक बाई तेवढी वेगळं बोलली. दवाखान्याच्या जिन्यात तिने त्याला समजावलं, की माणूस हे शार्कचं खाणं नव्हे. त्याला हात नाहीत, म्हणून तो तोंडाने चाचपून बघतो आणि बहुतेकदा सोडून देतो. मुलीलाही त्याने एकदाच धरलं होतं. पण त्या जबड्याचं एकदा धरणंही माणसाला पुरून उरतं.

"मग आलाच कशाला तो इतक्या जवळ?" त्याने विचारलं.

"वासावर आला असेल. आसपास काही मेलेलं होतं का?"

"नाही," तो म्हणाला. खोटं इतक्या सहज बाहेर पडलं की त्याची त्यालाच शिसारी आली.

मासोळी हळूहळू उठून बसू लागली. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती सांगायची, बाबांचं जाळं होतं म्हणून एकटाच आत घुसला, नाहीतर माझं हाडूकही मिळालं नसतं. ते ऐकून आई पदराने डोळे पुसायची आणि नवऱ्याकडे कौतुकाने बघायची. तो खिडकीकडे तोंड करून उभा राहायचा.

मग एका दुपारी, आई घरी कपडे आणायला गेलेली असताना, लेक म्हणाली की नवा पाय बसला की डॉक्टर पोहायला परवानगी देणार आहेत. ती परत समुद्रातच पोहणार होती, तिथेच, जाळ्याच्या आत.

तेव्हा त्याला राहवलं नाही. तो खाटेजवळच्या स्टुलावर बसला आणि सगळं बोलला. जाळ्याची मोकळी टोकं, आत अडकणारे शार्क, दाढ, डॉल्फिन, तिचं पिल्लू, किनाऱ्याकडचा वारा. वाक्यं मागंपुढं झाली, पण त्याने काही गाळलं नाही. "तिथे जाऊ नकोस, बाळ," तो शेवटी म्हणाला. "ते जाळं कुणाला वाचवत नाही. मीच आणला तो तुझ्यापर्यंत."

ती रडली नाही. तिने चादर ओढून जिथे पाय संपत होता तिथे नीट खोचून घेतली. त्याला वाटलं, आता ती ओरडेल, हाकलून देईल. देवाशपथ, त्याला तेच हवं होतं.

"आईला सांगितलंत?"

"नाही."

"सांगू नका. ती तुमच्यासोबत एक दिवस राहायची नाही," ती म्हणाली. "आणि मला संडासला न्यायला ती एकटी पुरणार नाही."

मग तिने त्याच्याकडे न बघता दोन्ही हात पुढे केले. तो उठला आणि त्याने तिला उचललं.