एकोणीस नंबर रुसला

नणंद-भावजय मिळून काम करतात म्हटल्यावर लोक आधी हसत आणि मग हळूच विचारत, "भांडणं किती होतात?" वहिनी म्हणे, "वेळ मिळाला की करू." आणि वेळ खरंच मिळत नसे. वहिनी शिडीवर, नणंद खाली लॅपटॉप मांडीवर घेऊन, आणि दोघींच्या मध्ये लोंबणारी कॅमेऱ्याची वायर, असा त्यांचा दिवस जाई.

वहिनी बारा वर्षं कॅमेरे बसवत होती. नणंदेला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती बसली तरी तिचा एक पाय हलतच असे. ती दूरच्या शहरात एका मोठ्या ऑफिसात प्रोग्राम लिहायची. तीन महिन्यांची रजा घेऊन भावाकडे आली, आठ दिवस वहिनीची चढउतार पाहिली आणि म्हणाली, "कॅमेरा जरासा फिरवायचा, खाली उतरायचं, टोकाच्या खोलीत जाऊन चित्र बघायचं, परत चढायचं. हे काम आहे की शिक्षा?" मग तिने 'तपासनीस' लिहिला. लॅपटॉप इमारतीच्या नेटवर्कला जोडला की तपासनीस एकेका कॅमेऱ्याला हाक मारी. ज्याने ओ दिली त्याची ओळ हिरवी, नाही दिली त्याची लाल. वीज कमी पडतेय की वायर कच्ची आहे, तेही सांगे. वहिनीच्या गुडघ्यांनी भिंगरीला मनापासून दुवा दिला.

रजा सोमवारी संपत होती. ठरलं होतं ते असं: जनावरांच्या दवाखान्यातले बत्तीस कॅमेरे हे तपासनीसाचं पहिलं मोठं काम. शुक्रवारी पाच वाजता बत्तीसच्या बत्तीस ओळी हिरव्या दिसल्या आणि दवाखान्याच्या डॉक्टरबाईंनी कामाच्या अहवालावर सही केली, तर भिंगरी राजीनामा पाठवणार आणि इथेच राहणार. नाही केली, तर मुकाट्याने परत जाणार. तिची बॅग घरी दाराआड अर्धी भरून ठेवलेली होती. वहिनी तिकडे बघायचंच टाळत होती. बारा वर्षं एकटीने शिडी वाहिल्यावर तिला बोलायला, हसायला माणूस मिळालं होतं, आणि ते तिला सोडायचं नव्हतं. इतकी सरळ गोष्ट, पण तोंडाने म्हणायची म्हटलं की अडकायची.

आणि नेमका एकोणीस नंबरचा कॅमेरा रुसून बसला.

हा एकोणीस नंबर मांजरांच्या वॉर्डात होता. मंगळवारपर्यंत गुणी बाळ. बुधवारपासून तपासनीसात त्याची ओळ लालभडक. बुधवारी त्यांनी वायरचा जोड बदलला, गुरुवारी सगळी वायरच बदलली, शुक्रवारी सकाळी कॅमेराच काढून त्याच नंबरचा नवा कोरा लावला. तोही मुका. पिंजऱ्यांतून अकरा मांजरं हे सगळं तोंडी परीक्षेच्या परीक्षकांसारखी बघत होती.

"जोड नवा, वायर नवी, कॅमेरा नवा," वहिनी शिडीवरून म्हणाली. "आता भिंत तेवढी बदलायची राहिली."

भिंगरी हसली नाही. तीन महिन्यांत ती वहिनीच्या विनोदाला हसली नाही अशी ही पहिलीच वेळ.

एक वाजता भिंगरीने लॅपटॉप मिटून पिशवीत टाकला आणि दोघी दारापाशी पायरीवर डबा खायला बसल्या. जेवण होतंय तोवर दारावरचे काका आपली नोंदवही घेऊन आले. काका पहारेकरी होते, पण त्यांचा जीव कारकुनाचा. आलं-गेलं कुत्रंसुद्धा ते वेळेसकट लिहून ठेवत.

"तुमचा तो मांजरांचा कॅमेरा आता छान चालू आहे," काका म्हणाले. "माझ्या टेबलावरच्या टीव्हीत बघून आलो."

"चालू आहे?" भिंगरीच्या हातातला घास तसाच राहिला.

"रोजचंच आहे. तुम्ही आलात की तो जातो, तुम्ही गेलात की तो येतो. मला वाटलं, तुम्हीच बंद करता."

"काका, मग सांगितलं का नाही?"

"कुणी विचारलं नाही. लिहून मात्र ठेवलंय."

वहिनीने वही ओढून घेतली. बुधवार. दोघी आत, दहा पाच. मांजरांचा कॅमेरा गेला, दहा बारा. कॅमेरा आला, पाच दहा. दोघी बाहेर, पाच वीस. गुरुवारचंही तेच. वहिनीला प्रोग्राममधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण आईला बघितलं की भोकाड पसरणारी पोरं तिने पाहिली होती. तिने बोट ठेवून तिन्ही दिवस पुन्हा वाचले.

"भिंगरे, नेटवर्कवरचं प्रत्येक यंत्र तपासनीसाच्या यादीत येतं ना?"

"प्रत्येक."

"तुझा लॅपटॉप?"

"तो कशाला यायला हवा? तो शोधणारा. त्याला वगळ म्हणून मीच लिहून ठेवलंय."

"त्याचा नंबर काय?"

भिंगरीचा हलणारा पाय थांबला.

नेटवर्कवर प्रत्येक यंत्राला घराला असतो तसा एक नंबर लागतो, आणि एका नंबरची दोन घरं झाली की पोस्टमन गोंधळतो. मंगळवारी संध्याकाळी घरच्या टेबलावर दुसऱ्या कामाचे कॅमेरे तपासताना भिंगरीने लॅपटॉपला तात्पुरता एक नंबर हाताने दिला होता. बदलायचा राहिला.

"एकोणीस," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली.

तीन दिवस दोघी शिडी घेऊन चोर शोधत होत्या, आणि चोर मांडीवर बसला होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. वहिनीला आधी रागच आला, तो तोंडापर्यंत आला आणि हसू होऊन बाहेर पडला. ती इतकी हसली की तिला पायरीवर हात टेकावा लागला. भिंगरी दोन मिनिटं लाजेने मोबाइलमध्ये डोकं खुपसून काहीतरी टाइप करत होती, मग तीही सुटली. काकांनी घड्याळ बघून वहीत लिहिलं, 'दोघी हसत आहेत, एक चाळीस.'

लॅपटॉपचा नंबर बदलला आणि बत्तीस ओळी हिरव्यागार झाल्या. अहवालात एक रकाना मात्र रिकामा होता, बिघाडाचं कारण.

"वायर लिहू?" भिंगरीने विचारलं. "बदललीच आहे ना आपण. खरं कळलं तर डॉक्टरबाई सही करतील का?"

वहिनीला ती दाराआडची बॅग आठवली. क्षणभर तिलाही 'लिही' म्हणावंसं वाटलं. "नको," ती म्हणाली. "खोट्यावर राहिलीस तर रोज शिडीवर मला ते आठवेल. खरं लिही."

पाच वाजता डॉक्टरबाईंनी अहवाल वाचला. 'दोष आमच्याच लॅपटॉपमध्ये होता.' त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे तुम्ही नसलात की सगळं उत्तम चालतं?"

"हो," वहिनी म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

"आधीचे लोक दोन वर्षं सांगत होते, उंदीर वायरी कुरतडतात. माझ्या दवाखान्यात. इतकी मांजरं असताना." त्यांनी पेन उचललं. "चूक आमची, असं लिहून देणारं या टेबलासमोर पहिल्यांदाच कुणी उभं राहिलंय." आणि सही केली.

वहिनीचा जीव भांड्यात पडला. गाडीवर शिडी बांधताना भिंगरी म्हणाली, "तपासनीसात आता तेहेतिसावी ओळ आहे. लॅपटॉपची. आधी स्वतःला तपासायचं."

"ते ठीक. राजीनामा पाठव आधी. सोमवार उजाडायला नको."

"पाठवला."

"आत्ता? गाडीत बसायच्या आधीच?"

"नाही. दुपारी. तू पायरीवर बसून हसत होतीस तेव्हा."

तेव्हा सही झालेली नव्हती. अहवालही लिहिलेला नव्हता. वहिनीने हिशोब लावला आणि तिचे डोळे भरून आले. दोरीची गाठ दिसेना, म्हणून ती तशीच धरून उभी राहिली.

"तू राहिलीस, मला फार बरं वाटलं," ती म्हणाली. एवढं वाक्य तीन महिने अडकलं होतं, ते निघालं. "आता तुझ्या बाजूची गाठ मार. आणि घरी गेल्यावर ती बॅग दाराआडून हलव, रोज मला ठेच लागते."