सात आणि आठ नंबरच्या रिंगा

रविवारी सकाळी सव्वादहापर्यंत शाहपुऱ्यातल्या देवस्करांच्या घरात अदितीइतकं खूश कुणी नव्हतं, आणि सव्वादहानंतर तिच्याइतकं हादरलेलंही कुणी नव्हतं. मधे तिनं केलं एवढंच, की मैत्रिणीपुढे फुशारकी मारली.

"ती बघ, पिवळी, एक्केचाळीस नंबर," तिनं टीव्हीकडे बोट दाखवलं. "तिच्या चारही चाकांत माझ्या रिंगा आहेत."

"तुझ्या म्हणजे काकांच्या," गौरी म्हणाली. गौरी वरच्या मजल्यावर राहायची, आणि गाडीचा रंग सोडून तिला गाडीतलं काही कळत नसे.

"धातू कातायची लेथ बाबांची. पण तपासल्या मी. कागदावर सही माझी आहे, मॅडम."

ते खरंच होतं. शहराबाहेर मंडीदीपला तिच्या बाबांचा, अनंत देवस्करांचा, छोटा कारखाना होता. तिथे पूर्वी काम करणारा जितेंद्र आता चेन्नईत एका रेसिंग टीमचा मेकॅनिक झाला होता, आणि त्यानंच ही ऑर्डर पाठवली होती: अॅल्युमिनियमच्या आठ रिंगा, चार लावायला, चार जादा. चाक बरोबर मधोमध बसावं म्हणून ही रिंग आत असते. दहा दिवसांपूर्वी बाबांनी अकरावीतल्या अदितीच्या हातात केसाहून बारीक फरक मोजणारा मायक्रोमीटर पहिल्यांदा दिला आणि म्हणाले, "या आठ तू पास करायच्या." तेव्हापासून ती शाळेतसुद्धा जरा ताठ चालत होती.

"पण ही मोठी रेस आहे का?" गौरीनं विचारलं.

"मोठी दुपारी. ही तिच्या आधीची, छोट्या प्रोटोटाइप गाड्यांची. शोरूमच्या गाड्या नव्हेत या, फक्त ट्रॅकसाठीच बांधलेल्या."

"म्हणजे जेवणाआधीची कोशिंबीर," आतून बाबांचा आवाज आला. ते कूलरमध्ये पाणी भरत होते.

"कोशिंबीर ताशी दोनशेनं धावते, बाबा," अदिती म्हणाली आणि पुन्हा गौरीकडे वळली. "आणि काय घाई होती माहितीये? कुरिअरवाला गेटवर हॉर्न वाजवतोय, आणि शेवटच्या दोन रिंगा लेथवरून आत्ता उतरलेल्या. इतक्या गरम, इतक्या गरम, की मी ओढणीत धरून मापल्या, आणि तरी एकदम परफेक्ट..."

तिचं बोलणं तिथेच थांबलं.

"काय झालं?"

गरम धातू फुगतो. हे ती सातवीपासून पाठ म्हणत आली होती. गरम असताना जी रिंग परफेक्ट भरली, ती थंड झाल्यावर लहान होणार. म्हणून तर कारखान्यात उतरलेला माल तासभर दगडी पाट्यावर ठेवायचा आणि मगच मापायचा, हा बाबांचा नियम होता. लहान रिंगेवर चाक नीट बसत नाही, आणि त्या पिवळ्या गाडीत वैजयंती नावाची एक जिवंत बाई बसणार होती.

बाबांना सांगितलं तर मायक्रोमीटर गेला. कदाचित कायमचा. अदिती पाच-सहा सेकंद तशीच बसून राहिली, आणि त्या सेकंदांची तिला नंतर फार लाज वाटली. मग उठून कूलरपाशी गेली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

बाबांनी पाण्याचा पाइप खाली ठेवला. "कोणत्या दोन?"

"सात आणि आठ."

"चाळीस मायक्रॉन तरी कमी असणार," ते स्वतःशीच म्हणाले. ओरडले नाहीत, हे तिला जास्त लागलं. "जितेंद्रला फोन लाव."

"तुम्ही बोला ना, बाबा."

"सही कुणाची आहे?"

फोन तीनदा वाजून बंद झाला. चौथ्यांदा जितेंद्रनं उचलला. मागे इंजिनांचा गदारोळ चालला होता.

"अदू, गाडी बाहेर काढतोय, नंतर बोलू."

"दादा, सात आणि आठ नंबरच्या रिंगा लावू नका. मी गरम असताना मापल्या. लहान आहेत."

"नंबर मार्करनं घातले होतेस ना? रिंगा साफ करताना सॉल्व्हंटनं पुसले गेले. कोणती कुठे लागलीय ते आता देवाला ठाऊक." मग त्याचा आवाज फोनपासून दूर गेला. "चारही चाकं उतरवा. हो, चारही."

फोन कटला.

टीव्हीवर गाड्या रांगेत उभ्या राहिल्या. चौथी जागा रिकामी. गौरी हळूच म्हणाली, "यार, ती पिवळी कुठेय?" कॅमेऱ्यानं ट्रॅकशेजारच्या दुरुस्तीच्या जागेत, पिटमध्ये, डोकावलं, तर पिवळी गाडी बिनचाकांची उचलून ठेवलेली, आणि जितेंद्र खाली वाकून काहीतरी मापत होता. हिरवा दिवा लागला. बाकीच्या तेरा गाड्या निघून गेल्या. त्या पहिल्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या तेव्हा कुठे एक्केचाळीस नंबर पिटमधून एकटीच बाहेर पडली.

पुढची चाळीस मिनिटं बाबा आणि लेक सोफ्याच्या दोन टोकांना बसून होते. कॉमेंट्रीवाल्याला पुढच्या तीन गाड्यांशिवाय काही दिसत नव्हतं, त्यामुळे अदिती पडद्याच्या कडेच्या यादीत एकच नंबर शोधत राहिली. तेरावा. अकरावा. बराच वेळ अकरावाच. मग नववा. शेवटी सातवा, आणि रेस संपली. पिवळी गाडी चार चाकांवर, सरळ रेषेत, हळूहळू परत आली. अदितीनं उशीत तोंड खुपसलं आणि तिथेच हसली की रडली, ते गौरीलाही सांगता आलं नाही.

फोन आला तो जितेंद्रचा, पण बोलली वैजयंती.

"तूच का ती गरम रिंगवाली?"

"हो, ताई. चूक झाली माझी."

"दोनपैकी एक माझ्या पुढच्या उजव्या चाकात होती. चौथ्या नंबरवरून निघायचं होतं मला, तुझ्यामुळे सगळ्यांच्या मागून निघाले. राग आहेच माझा, दिवसभर राहील. पण त्या रिंगेवर मी धावले नाही. हे बरं केलंस, बाई."

फोन ठेवल्यावर अदितीनं कागद घेतला आणि लिहिलं: क्रमांक ७ व ८ नापास, गरम असताना मापले. खाली पूर्ण सही केली, फोटो काढून जितेंद्रला पाठवला आणि कागद बाबांपुढे धरला.

बाबांनी तो दोनदा वाचला. "उद्या शाळा सुटली की मंडीदीपला ये. दोन रिंगा नव्यानं करायच्यात."

"मापायचं कुणी?"

"तूच. पण पाट्यावर तासभर पडू दे. मी शेजारी घड्याळ घेऊन बसणार आहे."

"एक नाही, दोन तास ठेवीन," अदिती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही नाही, आणि ती गौरीच्या ताटलीतले थंड पोहे न विचारता खायला लागली.