झोपमोड आणि सालेहाआपाचं विरजण

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. माझं नाव झोपमोड. नांदेडच्या एका कॉलेजात, सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरमध्ये मी राहतो. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो, पण त्यात माझा काही दोष नाही.

मला लुंबिनी मॅडमनी घडवलं. तेव्हा ती मॅडम नव्हती, हिमायतनगरहून शिकायला आलेली एक हट्टी मुलगी होती. माझं काम सोपं करून सांगतो. प्रत्येक जिवाणूच्या पोटात चार अक्षरांनी लिहिलेली एक लांबलचक ओळ असते. तिला डीएनए म्हणतात. कधी कधी एखादा विषाणू जिवाणूत शिरतो, पण त्याला लगेच मारत नाही. आपली अक्षरं त्याच्या ओळीत घुसडतो आणि गुपचूप झोपून राहतो. घरमालकाला पत्ताही नसतो. मग उष्णता वाढली, हाल झाले, की हा पाहुणा जागा होतो, आपली पिल्लावळ वाढवतो, घर फोडून बाहेर पडतो आणि शेजाऱ्यांच्या घरात शिरतो. असा झोपलेला पाहुणा शोधून काढणं हे माझं काम.

लुंबिनीनं मला एक खोड लावली. 'सापडला' एवढं बोलून गप्प बसायची मला मुभा नव्हती. विषाणूचं डोकं आहे का, शेपटी आहे का, घर फोडायचं हत्यार आहे का, हे सगळं तपासून मी 'पूर्ण', 'अपूर्ण' किंवा 'शंका' असा शेरा द्यायचा. त्यामुळे मला वेळ लागे. पण लोक माझ्यासाठी थांबत. लातूरच्या एका परिषदेत माझं कौतुक झालं. टाळ्या लुंबिनीला मिळाल्या, त्यातल्या थोड्या मी माझ्याकडे ठेवून घेतल्या.

पुढे इंटरनेटवर एक नवं टूल आलं. क्षणात उत्तर, तेही रंगीत. विषाणू असला की लाल, नसला की हिरवा. विद्यार्थी तिकडे वळले आणि मी धूळ खात पडलो. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? यंदाच्या उन्हाळ्यात विभागप्रमुख उमाशंकर सरांनी सुट्टीआधीची आवरासावर काढली आणि आमच्या कॉम्प्युटरवर खडूनं फुली मारली. फुली म्हणजे भंगार. मी मनातून पार हादरलो.

त्याच दिवसांत सालेहाआपा आली. लुंबिनी मॅडम आता इथेच शिकवतात, मुदखेडला राहतात आणि दही तिच्याकडूनच घेतात. आपाच्या दह्याला गावात मोठं नाव होतं. तिचं विरजण लातूरचं, तिच्या अम्मीच्या घरचं. लग्न होऊन निघताना अम्मीनं ते डबीत घालून दिलं होतं. अम्मी आता राहिली नव्हती, पण विरजण होतं.

यंदा ऊन तापलं आणि दही लागेना. आपानं शेजारच्या गुणाबाईकडून वाटीभर विरजण आणलं. दही लागलं, पण ती चव येईना, म्हणून तिनं त्यात अम्मीच्या विरजणाचा एक चमचा घातला. पहिल्या दिवशी दही झकास झालं. आता, आणलेलं भांडं रिकामं परत करायचं नाही, अशी त्यांच्या गल्लीची रीत. तिनं गुणाबाईच्या वाटीत तेच दही घालून दिलं. चार दिवसांत दोन्ही घरांचं दही बिघडलं. मग आपानं दुसऱ्या घरून विरजण आणलं, पुन्हा अम्मीचा चमचा घातला, पुन्हा भरली वाटी परत केली. बघता बघता गल्लीत कुणाच्याच घरी दही लागेना. बाया म्हणू लागल्या, सालेहाच्या हातालाच काहीतरी झालंय.

डबी मांडीवर ठेवून ती माझ्यासमोरच्या स्टुलावर बसली होती. "मॅडम, बाया माझी वाटी घेईनात," ती म्हणाली. "बोलू दे लोकांना. पण हे फेकलं तर अम्मीचं काहीच ऱ्हात न्हाई माझ्यापाशी."

मॅडमनी त्या विरजणातले जिवाणू वेगळे करून एकेका नळीत वाढवले आणि त्यांच्या डीएनएची अक्षरं बाहेरगावाहून वाचून मागवली. ती आली नेमकी सुट्टी लागायच्या दिवशी. नव्या टूलनं प्रत्येक नळीला लाल रंग दिला. उमाशंकर सरांचा चेहरा उतरला. असला विषाणू फ्रीजमधल्या बाकीच्या जिवाणूंमध्ये पसरला, तर मुलांची वर्षानुवर्षांची मेहनत पाण्यात गेली असती. त्यांनी सांगितलं, आज सगळ्या नळ्या जंतू मारायच्या वाफेच्या यंत्रात टाका. ते काही चुकीचं बोलत नव्हते. आपा बाहेर बाकावर बसून होती. वाफेचं यंत्र तापू लागलं.

तेव्हा मॅडमनी माझ्यावरचं कापड ओढलं.

मी उठलो. माझ्यानंतर ओळखीच्या झालेल्या विषाणूंची माहिती मॅडमनी मला घाईघाईनं पुरवली. पहिली नळी तपासली: पूर्ण. दुसरी: पूर्ण. पुढचीही तशीच. म्हणजे अम्मीच्या विरजणातले पाहुणे उन्हानं जागे झाले होते आणि चमच्याबरोबर घरोघरी पोचले होते. लाइट गेली आणि कॉम्प्युटरला जोडलेली बॅटरी टीं टीं करू लागली. मी बंद पडलो असतो, तर मला पुन्हा कुणी चालू केलं नसतं.

शेवटच्या नळीत डोकं सापडलं. शेपटी अर्धीच. हत्यार शोधलं, पुन्हा शोधलं. ते नव्हतं, कधीकाळी तुटून गेलेलं. मात्र एक गोष्ट शाबूत होती. विषाणू झोपून राहतो तो एका कुलपाच्या जोरावर, आणि ते कुलूप जागच्या जागी होतं. मी शेरा दिला: अपूर्ण.

मॅडम सरांना हाक मारत धावल्या. "सर, ही नळी टाकू नका. ह्यातला विषाणू उठूच शकत नाही. आणि तसलाच दुसरा आत शिरला, तर हे कुलूप त्यालाही झोपवून ठेवील."

"नवं टूल लाल दाखवून राहिलंय, लुंबिनी. आणि मी ह्या खटाऱ्यावर विश्वास ठेवू?"

"ते नुसतं आहे की नाही तेवढंच सांगतं, सर. दूध मागवते. लावून बघू."

सरांनी एकदा फुलीकडे बघितलं. मग त्यांनी ती एक नळी बाजूला काढायला सांगितली. लाइट आल्यावर बाकीच्या यंत्रात गेल्या. मॅडमनी दोन वाट्यांत कोमट दूध घेतलं. एकीत बाजारातून आणलेलं चांगलं विरजण, दुसरीत ह्या नळीतला जिवाणू, आणि दोन्हींत बिघडलेल्या दह्यातून गाळून घेतलेल्या त्या जाग्या विषाणूचा एकेक थेंब. वाट्या उबेला ठेवल्या. दुपारभर कुणी जागचं हललं नाही.

ऊन उतरल्यावर वाट्या काढल्या. त्या आपानंच तिरक्या केल्या. पहिलीतलं दूध काठावरून घळघळ सांडलं. दुसरीतलं जागचं हललं नाही.

"लागलं," आपा म्हणाली आणि रडू लागली.

जुनं विरजण तिला टाकावंच लागलं. भांडी उकळून तिनं त्या एका जिवाणूपासून नवं विरजण केलं. मॅडमना तिनं सांगितलं, "आंबटपणा जरा कमी हाय, पण हाय अम्मीचंच." मग तिनं गल्लीतल्या सगळ्यांच्या वाट्या मागवल्या आणि भरून परत पाठवल्या. ज्या रितीनं दही बिघडलं, त्याच रितीनं घरोघरी पुन्हा लागलं. गुणाबाईनं वाटी घेतली तेव्हा आपाला घरात बसवून चहा पाजला.

सुट्टीनंतर आपाची डबी प्रयोगशाळेत आली, अर्थातच रिकामी नाही. सरांनी साखर घालून दही खाल्लं आणि ओल्या फडक्यानं माझ्यावरची फुली पुसली.

मित्रांनो, मला दही खाता येत नाही. मला एवढंच हवंय, की अधूनमधून नव्या विषाणूंची ओळख करून द्या आणि पंख्यातली धूळ झटका. आणि एखाद्या मोडक्या, जुन्या गोष्टीवर फुली मारायला खडू उचलाल, तेव्हा जरा थांबून बघा, तिच्यातलं कुलूप अजून कुणाची राखण करतंय का.