पथ्य कुणी मोडलं?

डॉक्टर, तुम्ही माझ्या नवऱ्याला तपासलंच नाही. खुर्चीवरून न उठता एवढंच विचारलंत, "अळंब्या खाल्ल्या होत्या का?" तो हो म्हणाला. तेवढ्यावर तुम्ही त्याला नशेबाज ठरवलंत आणि व्यसनमुक्तीच्या घरात कुलपाआड धाडलंत. दवाखाना सरकारचा, खुर्ची सरकारची. आळस मात्र तुमचा स्वतःचा.

आम्ही डोंगरातली, मासातेक जमातीची माणसं. या अळंब्यांनी नसलेलं दिसतं, पण आमच्यात त्या चैनीला खात नाहीत. दुखणं हटेना, जनावर हरवलं, की लोक माझ्या सासूबाईंकडे येतात. त्या, आपोलोनियाबाई, देव्हाऱ्यासमोर मेणबत्ती लावतात, अळंब्या जोडीजोडीने हातावर ठेवतात आणि शेवटपर्यंत शेजारून हलत नाहीत. पुढे चार दिवस पथ्य. नवराबायकोने जवळ यायचं नाही. पथ्य मोडलं तर माणूस वेडा होतो, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल.

पावसाळ्यात माझ्या नवऱ्याची, क्रिसोफोरोची झोप उडाली, म्हणून सासूबाईंनी पोटच्या पोराला अळंब्या दिल्या. पथ्याचे दिवस सरायच्या आतच तो कॉफीच्या मळ्यातून धावत आला. म्हणाला, झाडं शिव्या देतात.

"फिदे, तुलाही देतात."

"कुठल्या?"

"सांगण्यासारख्या नाहीत."

मी हसले. मग बघितलं, तो रडत होता. मी त्याचे हात हातात घेतले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. एवढंच. पण सासूबाईंनी दारातून पाहिलं, आणि गावभर झालं की फिदेन्सियाने नवऱ्याला वेड लावलं. मक्याच्या गिरणीवर बायका माझ्यापासून टोपल्या लांब सरकवायला लागल्या.

"चार दिवस दम धरवला नाही तुला?" सासूबाई म्हणाल्या.

"रडत होता तो, आई."

"मग रडू द्यायचं!" असं म्हणून त्या स्वतःच शालीत तोंड घालून रडल्या.

मी त्याला तुमच्याकडे आणलं. तुम्ही काय केलंत ते वर सांगितलंच.

मग आम्ही सासू-सुना, एकमेकींशी अबोला धरून, त्या कुलपाच्या घरी गेलो. रखवालदार म्हणाला, "तीन महिने भेट नाही."

सासूबाईंनी उंबऱ्यावर फतकल मारली. "मग तीन महिने बसते. कोंबड्या शेजारणीकडे दिल्यात."

येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हातारीला ओलांडून जावं लागे. दुपारी रखवालदार वैतागला आणि क्रिसोफोरोला घेऊन आला. डोकं भादरलेलं, गालफडं बसलेली.

"मुकादम," तो मला म्हणाला, "हजेरी घ्यायला आलीस?" कॉफी वेचताना मी ओरडते म्हणून हे माझं नाव.

मी टामाले, पानात उकडलेले मक्याचे उंडे, पुढे केले. मक्याचं पान सोलून तो खायला लागला. सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिने पथ्य मोडलं, म्हणूनच ना रे हे?"

"नाही, आई. आवाज आधीपासून येतात. कॉफी फुलली होती ना, तेव्हापासून. तुला फक्त झोपेचं सांगितलं. खरं सांगितलं असतं तर ही घाबरली असती."

"गाढवा! आवाज ऐकणाऱ्याला मी कधी देत नाही!" मग त्यांचा सूर उतरला. "मी विचारायला हवं होतं. वाटलं, माझंच पोर, याचं मला काय ठाऊक नाही?"

"अळंब्यांनी दुखणं वाढलं का, आई?" मी विचारलं.

"माहीत नाही, पोरी," त्या म्हणाल्या आणि सगळ्यात मोठा टामाले माझ्या हातावर ठेवला.

आम्ही त्याला घेऊनच निघालो. रखवालदार आडवा आला. "लाव हात," सासूबाई म्हणाल्या, "मग बघ तुझं काय होतं." त्याने हात लावला नाही.

आता तो घरी आहे. मधेच कान टवकारून मला विचारतो, "हे तू बोललीस?" मी नाही म्हणते. मान हलवतो, फळं वेचत राहतो. काही दिवस मात्र त्याला माझं खरं वाटत नाही. परवा कोयता घेऊन झाडावर धावला. उद्या कुणावर धावेल? मनाचा डॉक्टर ओआहाका शहरात, आणि तुमच्या चिठ्ठीशिवाय तिथे उभं करत नाहीत. तुम्ही म्हणता, नशेबाजाला चिठ्ठी नाही.

अळंब्यांनी त्याला आजारी केलं, की होता तो आजार चेतवला, मला ठाऊक नाही. सासूबाईंना नाही. तुम्हालाही नाही, पण म्हातारीने तसं तोंडाने कबूल केलं. माझा नवरा तुमच्यासमोर बसलाय. आवाज कधीपासून येतात, विचारा त्याला. आणि चिठ्ठी आज देता की नाही, ते बोला.