नवा पत्ता कळवताना

तिसऱ्या गावात आल्यावर तिने एकच गोष्ट मनाशी पक्की केली. त्या कंपनीचं आता काही म्हणजे काही ठेवायचं नाही. मेल नको, नकाशा नको, फोटो नकोत, आणि काही शोधायचं असेल तर तेही तिला विचारायचं नाही.

कंपनीचं नाव सांगायची गरज नाही. जिच्या खात्याशिवाय फोन सुरू होत नाही, ती. तिथलं तिचं खातं दहा वर्षांपूर्वी नवऱ्यानेच मोठ्या कौतुकाने उघडून दिलं होतं. पासवर्ड त्यानेच ठरवला आणि तू विसरलीस तर असावा म्हणून ते खातं स्वतःच्या फोनवरही चालू ठेवलं. काळजी हो, दुसरं काय! पुढे तिने पासवर्ड बदलला, तर बदलल्याची सूचना त्याच्याच फोनवर गेली.

पहिल्या गावात नकाशाने चुगली केली. ती कुठे गेली, किती वेळ थांबली, कुठल्या रस्त्याने परतली, हे सगळं तो घरी सोफ्यावर बसून बघत होता. दुसऱ्या गावात तिने नकाशा बंद केला, तर फोटोने घात केला. लेकीचा झोपाळ्यावरचा फोटो आपसूक खात्यात जाऊन बसला आणि मागची शाळेची पाटी त्यात स्वच्छ वाचता येत होती. चौथ्या दिवशी तो शाळेच्या दारात हजर. लेकीला, बिट्टीला, घेऊन गेला आणि चार तासांनी आणून सोडलं. आरडाओरडा नाही, मारहाण नाही. तिचं मनगट मोडलं होतं ते त्याआधी, घरात. जाताना शांतपणे म्हणाला, "आज नुसतं दाखवलं. पुढच्या वेळी परत आणणार नाही."

पोलिसांनी कानावर हात ठेवले. बापच आहे म्हणाले, नेलं तर काय बिघडलं? असं म्हणणाऱ्याला एकदा त्या चार तासांत नेऊन बसवायला हवं होतं.

या तिसऱ्या गावात तिला कवळ्या बनवायच्या लॅबमध्ये काम मिळालं. हात चांगला होता तिचा. मेणात दात बसवताना ती एखादा दात मुद्दाम किंचित तिरका लावायची, म्हणजे म्हाताऱ्यांचं हसू दुकानातून आणल्यासारखं वाटत नाही. बिट्टी नऊ वर्षांची, तिसरीच्या वर्गात आता कुठे रुळत होती. बाकावरच्या मैत्रिणीशी तिची भांडणंसुद्धा सुरू झाली होती, आणि त्याचा आईला केवढा आनंद!

गावातल्या वाचनालयाच्या ग्रंथपालबाई दर गुरुवारी सकाळी लोकांना कॉम्प्युटर शिकवायच्या. साठीच्या जवळ आलेल्या, बोलायला लागल्या की थांबायचं नाव नाही, पण या विषयात पक्क्या. तिने सगळं सांगितल्यावर त्यांनी आधी तिचा फोन बंद करायला लावला. मग त्यांनी कागद ओढला आणि यादी करायला घेतली.

चार गुरुवार गेले. फोनचं सगळं पुसून तो कोरा केला आणि त्या खात्याशिवाय चालेल असा करून घेतला. नकाशा असा घातला की तो फोनमध्येच राहतो, कुणाला काही कळवत नाही. फोटो कॉम्प्युटरला जोडायच्या एका छोट्या डबीत उतरवले, ती घरीच राहते. निरोपांसाठी वेगळं ॲप आलं. शोधायला असं ठिकाण मिळालं की जे तुम्ही काय शोधलंत ते लगेच विसरून जातं.

"माझ्यासारखं," बाई म्हणाल्या. "चष्मा कुठे ठेवला ते विचारून बघा."

ती हसली. कित्येक महिन्यांनी हसली असेल.

शेवटी राहिली मेल. नवी मेलसेवा बाईंनी पारखून निवडली होती. तिथे पत्र थेट कुलूप लावूनच निघतं. खुद्द ती सेवा चालवणाऱ्यांनाही ते उघडता येत नाही. लॅबचा डॉक्टरांशी पत्रव्यवहारही तीच बघायची, म्हणून प्रत्येक पत्राखाली लॅबचं नाव, रस्ता, गाव आणि फोन आपोआप येईल अशी सोय बाईंनी करून दिली. आता जुनं खातं बंद करायचं. त्याआधी जुनी पत्त्यांची वही इकडे आणायची, आणि गरजेच्या तेवढ्या माणसांना नवा पत्ता कळवायचा.

"आधी सासर साफ करू," बाई म्हणाल्या. "आडनाव सांगा."

आडनाव टाकल्याबरोबर अख्खं सासर एका रांगेत उभं राहिलं. नवरा तीन पत्त्यांसकट, दीर, जाऊ, नणंद, नणंदेचं घर. बाईंनी सगळ्यांना एका झटक्यात उडवलं. इतकं सोपं असतं तर काय हवं होतं! मग नवऱ्याचे मित्र गेले, ऑफिस गेलं, जुने शेजारी गेले. उरली अकरा माणसं.

"नीट वाचा हं, मग पाठवू," बाई म्हणाल्या.

तिने डोळ्यांत तेल घालून वाचलं. वरपासून खालपर्यंत, दोनदा. आत्या, भाऊ, बिट्टीच्या दम्याचे डॉक्टर, जुन्या लॅबचे सर. एकही खटकणारं नाव नव्हतं. तिने मान हलवली, आणि बाईंनी बटण दाबलं.

"गेलं!" बाई खुर्चीत मागे रेलल्या आणि खुशीत, कोणाकोणाला गेलं ते मोठ्याने वाचायला लागल्या. "अहो, आत्या, डॉक्टर..."

"काय हो?" तिने विचारलं.

"काय काय हो?"

"हाक मारलीत ना मला?"

"छे, तुम्हाला नाही. इथे लिहिलंय तसं. पहिलंच आहे. अहो."

तिने स्क्रीन स्वतःकडे वळवला आणि ते पहिलं नाव वाचलं. 

लग्नाच्या पहिल्या वर्षी तो ट्रेनिंगला चार महिने बाहेर होता. तेव्हा ती त्याला रोज मेल लिहायची. पत्त्यांच्या वहीत त्याचं नाव घालताना एकटी असूनही तिला लाज वाटली होती आणि तिने नुसतं 'अहो' लिहून ठेवलं होतं. ना नाव, ना आडनाव. आडनावाच्या झाडूखाली ते येणार कसं? आणि आज दोनदा वाचूनही तिची नजर त्यावरून घसरून गेली. 'अहो' हे काही कुणाचं नाव नव्हे, ती हाक. पत्राच्या सुरुवातीला असते तशी. आणि पत्राखाली लॅबचा रस्ता, गाव, सगळं आपोआप गेलं होतं.

"नवऱ्याचा पत्ता आहे तो, लग्नाच्या वर्षीचा," ती म्हणाली. "बाई, परत बोलवा ते. काहीतरी करा."

बाईंनी घाईने खुर्ची पुढे ओढली. त्यांनी इकडे दाबलं, तिकडे दाबलं, मदतीचं पान उघडलं. पण या मेलसेवेची सगळी फुशारकी हीच होती ना, की एकदा गेलेल्या पत्राला कुणी हात लावू शकत नाही! "जुना पत्ता आहे हो," त्या म्हणाल्या, "बघतही नसेल तो कदाचित. दहा वर्षं झाली."

सात मिनिटांनी उत्तर आलं.

'नवीन पत्ता मिळाला. आभारी आहे. निघतोय. बिट्टीला आज शाळेतून मीच घेईन.'

साडेअकरा वाजले होते. गाडीने पाच तासांचा रस्ता, आणि शाळा सुटायची पाचला. गावात शाळा होत्या दोन, त्यातली एक फक्त मुलांची.

बाई रडायला लागल्या. "माझ्यामुळे झालं सगळं. तुम्ही दोघी माझ्या घरी चला. मी कडी लावून बसते, बघू कोण येतो ते."

"नको. पत्रात तुमच्याच वाचनालयाचे आभार मानलेत मी," ती म्हणाली. "शाळेत आम्ही नाही सापडलो की तो इथेच येईल. तुम्हीही आज लवकर घरी जा."

बाईंचा तिला राग आला नव्हता. राग आला होता तो त्या चार महिन्यांतल्या स्वतःचा, दाराआड बसून पत्रं लिहिणाऱ्या त्या वेड्या पोरीचा. तिला जाऊन गदागदा हलवावंसं वाटत होतं.

लॅबमध्ये ती पाच मिनिटं थांबली असेल. एका आजीची कवळी मेणात अर्धी बसली होती. आजी दोन महिने पेजेवर होत्या आणि दर दोन दिवसांनी फोन करायच्या. तिने लॅबच्या मालकांसाठी चिठ्ठी लिहिली : वरचे दात झालेत, खालचे उजवीकडून चार राहिलेत, डावा सुळा मुद्दाम तिरका आहे, सरळ करू नये. सही करायला गेली आणि तशीच थांबली. चिठ्ठी बिनसहीची ठेवून ती बाहेर पडली.

शाळेत तिने आजारपणाचं कारण सांगितलं. बिट्टी वर्गातून बाहेर आली, आईच्या हातातल्या मोठ्या बॅगेकडे पाहिलं आणि काही न विचारता आत गेली. बाकावरच्या मैत्रिणीला तिची रंगपेटी परत केली, वर आपलीही देऊन टाकली. मैत्रीण म्हणाली, "अगं, ही तुझी आहे." बिट्टी म्हणाली, "असू दे." मुलं अशा वेळी रडतात. ही रडली नाही, आणि आईला तेच बघवेना.

स्टँडवर जी बस सुटायला आली होती तीत त्या चढल्या. कुठली ते चढल्यावर वाचलं. गाव मागे पडलं तरी ती दर गाडीकडे काचेतून बघत होती. त्याची गाडी पांढरी होती; पांढरी दिसली की ती बिट्टीला खिडकीपासून आत ओढायची. फोन तिने बंद करून बॅगेच्या तळाशी टाकला होता. तो आता अगदी स्वच्छ होता, कुणाला काही सांगत नव्हता, आणि त्याचा काडीचाही उपयोग नव्हता.

तासाभराने तिने धीर गोळा केला. "बिट्टी, या वेळी नवीन शाळेत नाव वेगळं सांगायचं आपण. माझंही आणि तुझंही. कसं करायचं ते बघते मी. कुठलं घ्यायचं ते निवांत ठरवू."

बिट्टीने दप्तरातून गणिताची वही काढली आणि शेवटचं पान उघडलं. सात नावं होती, सुवाच्य अक्षरात, एकाखाली एक. दोन खोडलेली.

"ही दोन आमच्या वर्गातल्या मुलींची निघाली," ती म्हणाली. "बाकीची चालतील. तुझी मागच्या पानावर आहेत."

"कधी लिहिलीस ही?"

"मागच्या गावात. बाबा मला परत आणून सोडून गेले ना, त्या दिवशी."

तिने मागचं पान उलटून आपली नावं वाचली. बिट्टीने वही परत दप्तरात ठेवली. मग पुढच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाऊ नये म्हणून आईच्या कानाशी तोंड नेऊन तिने विचारलं, "आणि मी तुला आई म्हटलं तर चालेल ना? की तेही बदलायचं?"

"नाही गं," ती म्हणाली. "ते नाही बदलायचं." पण हे तिने इतक्या हळू म्हटलं की बिट्टीला परत विचारावं लागलं.