लाल निशाण

आमच्या खाडीत देवमासे पिलं घालायला येतात आणि त्यांना बघायला माणसं. नियम एकच: होडी देवमाशाकडे न्यायची नाही. इंजिन मंद करून थांबायचं, त्याला वाटलं तर तो जवळ येतो. जो पाठलाग करील त्याला टेकाडावरून लाल निशाण दाखवतात, आणि मग त्याची होडी आठवडाभर वाळूवर. निशाण कोणाच्या हाती, हे दर हंगामात शिंपले उचलून ठरतं. यंदा काळा शिंपला माझ्या हाती आला आणि गावात माझ्याशी गोड बोलणारे एकदम वाढले.

त्या दिवशी राजधानीतून अधिकारी आले होते. खाडीत होड्या फिरवायचा परवाना आमच्या कोळ्यांच्या संस्थेकडे ठेवायचा की हॉटेलवाल्या कंपनीला द्यायचा, हे तेच ठरवणार होते. त्यांना नेण्याचा मान माझ्या धाकट्या भावाला, एवारिस्तोला मिळाला. साहेबांचा हात देवमाशाला लागलाच पाहिजे, असं त्यानं डोक्यात घेतलं.

बराच वेळ काहीच आलं नाही. मग लांबवर एक मादी पिलासह वर आली, आणि आमच्या शहाण्यानं इंजिन वाढवून होडी थेट तिच्या अंगावर घातली. पिलू घाबरून आईपासून लांब गेलं. माझा नुसता संताप झाला.

टेकाडावर माझ्या शेजारी संस्थेचे अध्यक्ष फाउस्तिनो उभे होते. हळूच म्हणाले, "एर्मेलिंदा, आज तुझ्या डोळ्यांत वाळू गेली असं समज."

परवाना गेला तर गावाची चूल विझणार, हे मलाही कळत होतं. तरी निशाण उचललं.

होडी परत आली. एवारिस्तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, वाटोळं केलंस."

संध्याकाळच्या सभेत साहेबांनी निशाण कोणाचं ते विचारलं. मी उभी राहिले.

"होडीत मी आहे, हे दिसलं नव्हतं तुम्हाला?"

"दिसलं होतं, साहेब. म्हणूनच दोनदा हलवलं."

"आणि होडीवाला तुमचा कोण?"

"सख्खा भाऊ."

मग साहेब म्हणाले, कोळी एकमेकांना पाठीशी घालतात, त्यांचे नियम नावापुरते, असं कंपनीनं त्यांना सांगितलं होतं. पण आज त्याच नियमानं खुद्द साहेबांचीच होडी परत फिरवली होती. परवाना गावाकडेच राहील.

छप्पर उडेल असा गलका झाला. सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता एवारिस्तो. मला खांद्यावर घेऊन त्यानं सभाघरभर मिरवलं. आनंदानं मला रडूच फुटलं.

खाली उतरवताना तो कानात म्हणाला, "मग ताई, उद्या होडी काढू ना?"

"वाळूवर," मी म्हटलं. "आठवडाभर."