ताईचं बसणं

आमची ताई दोन वर्षं खिडकीशी खुर्ची टाकून बसली होती. बसली म्हणजे बसलीच. वाचत नव्हती, विणत नव्हती, टीव्हीसुद्धा धड बघत नव्हती. आल्यागेल्याला मी सांगायचे, ताईला जरा बरं नाही. तर ही खणखणीत आवाजात म्हणायची, ‘बरं नसायला काय झालंय मला?’

आम्ही दोघी बहिणी एकाच लाँड्रीत कामाला. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ. मी घड्या घालायचे, ताई इस्त्रीच्या टेबलाशी. एकतीस वर्षं उभी. उभं राहून राहून पायाच्या शिरा सुजल्या, डाव्या घोट्यावर जखम झाली, ती नऊ वर्षं काही भरेना. मग मंदी आली, हॉटेलं बंद पडली, आणि मळक्या चादरीच येईनात म्हटल्यावर मालकाने शटर ओढलं. अर्ध्या शहराची तीच गत. तेव्हा सरकारने आमच्या वॉर्डात एक योजना आणली. प्रत्येक मोठ्या माणसाला दरमहा ठरावीक रक्कम, काम असो नसो, अट कसलीच नाही. दोन वर्षं करून बघू, म्हणाले.

दोन वर्षं संपत आली तशी बातमी आली की पाहणीवाली बाई येणार. पैसे मिळाले तर तुम्ही काय केलंत, असं घरोघर विचारणार, आणि तिच्या कागदांवर पुढचं ठरणार. पैसे थांबले तर आम्हाला एकच काम होतं, पावाच्या कारखान्यात पॅकिंगचं. दहा तास उभ्याने. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ही पुन्हा तशी उभी राहिली तर पाय जाईल. माझा जीव टांगणीला, आणि ही आपली कबुतरं बघतेय.

‘ताई, काहीतरी सांगावं लागेल.’

‘काय?’

‘काहीतरी केलं म्हणून.’

‘केलं नाही ना पण.’

‘म्हणूनच सांगायचंय, बाई!’

मला तिचा राग यायचा, खोटं कशाला बोलू? मी स्वयंपाक करायचा, मी जिना झाडायचा, आणि ही बसलेली. दिवसातून दहादा मी म्हणायचे, ऊठ गं, जरा ऊठ. ती म्हणायची, हो. आणि बसायची.

बिल्डिंगमध्ये तर नुसता गोंधळ. सगळं छान चाललंय म्हणावं, तर विचारतील, मग पैसे कशाला हवेत? वाईट चाललंय म्हणावं, तर विचारतील, मग पैसे देऊन काय झालं? शेवटी तळमजल्यावरच्या प्लंबरने तोडगा काढला. प्रत्येकाने शिवणाचा धंदा सुरू केलाय, पण तो अजून नीट चालत नाही, असं सांगायचं. पुरावा म्हणून घरात शिलाई मशीन ठेवायचं. मशीन अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकच होतं.

बाई आल्या. खांद्याला जड पिशवी, चेहरा उतरलेला. त्या एका घरातून निघून जिन्यात दम खात, तेवढ्यात प्लंबर आणि त्याचा मेव्हणा मागच्या जिन्याने मशीन पुढच्या घरी नेत. आमचं घर शेवटचं, तिसऱ्या मजल्यावर. स्टूलसकट मशीन आदळून दोघे धापा टाकत पळाले.

बाईंनी मशीनकडे बघितलं. ‘हे मशीन आज सगळीकडे दिसतंय.’

‘चांगली कंपनी आहे,’ मी म्हटलं. ‘सगळ्यांनी तेच घेतलं.’

त्यांनी लिहून घेतलं. पेन मोठं गमतीचं होतं. चुकलं की त्या मागच्या टोकाने कागद घासायच्या आणि शाई गायब. ‘लोक उत्तरं फार बदलतात हो,’ म्हणाल्या. मग ताईकडे वळल्या. ‘या दोन वर्षांत तुम्ही काय केलंत?’

मी डोळ्यांनी मशीन दाखवलं.

‘शिवण,’ ताई मेल्या आवाजात म्हणाली.

‘काय काय शिवता?’

ताई मशीनकडे बघायला लागली, जणू तेच सांगेल. मी घाईने चहा पुढे केला आणि तो सगळाच्या सगळा बाईंच्या फायलीवर लवंडला. मुद्दाम नाही हो. शपथ.

‘अहो, अख्ख्या बिल्डिंगचे फॉर्म!’ बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आता ओलं काही समोर आलं की लाँड्रीतलं माणूस दुसरा विचारच करत नाही. मी कागद सुटे केले. आणि ताई उठली! माझ्या बोंबलण्याने दोन वर्षं न हललेली ताई. टेबलावर पांढरं फडकं, त्यावर कागद, वर दुसरं फडकं, आणि गरम इस्त्री. एकेक कागद कडक करून तिने थप्पी लावली. डाग राहिले, पण सुरकुती नावाला नाही.

‘घ्या,’ म्हणाली.

बाईंनी बघितलं. छापलेले प्रश्न जागच्या जागी होते. उत्तर एकही नव्हतं.

‘या पेनची शाई,’ बाई हळूच म्हणाल्या, ‘घासल्याच्या उष्णतेनेच जाते.’

मी कपाळावर हात मारला. बाई रडतील असं वाटलं. ताईने त्यांना दंडाला धरून स्वतःच्या खुर्चीत बसवलं. त्या खुर्चीत मीसुद्धा कधी बसले नव्हते. ‘बसा जरा. सकाळपासून उभ्या आहात.’

बाई बसल्या. खिडकीबाहेर बघत राहिल्या. खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि म्हणाल्या, ‘इथे वारा छान येतो.’

‘येतो,’ ताई म्हणाली.

मग त्यांनी माझ्याकडून साधं बॉलपेन मागून घेतलं. ‘पुन्हा विचारते. काय केलंत?’

‘बसले,’ ताई म्हणाली.

मी डोळे मिटले.

‘आणखी?’

‘आणखी काही नाही. एकतीस वर्षं उभी होते, मग बसले.’ ताईने मोजा खाली ओढला. घोट्यावर जखमेच्या जागी नवी कातडी होती, पातळ, गुलाबी. ‘नऊ वर्षं उघडी होती ही. बसल्यावर आठ महिन्यांत मिटली.’

मला काय माहीत नव्हतं? पट्ट्या मीच धुवायचे. धुवायच्या थांबल्या, तेव्हा एक काम कमी झालं म्हणून बरं वाटलं होतं. पण हे सांगण्यासारखं काही आहे, ते माझ्या डोक्यातच आलं नाही. दोन वर्षं मी तिला आळशी म्हणत होते. लाज वाटली मला, चांगलीच.

बाईंनी वाकून घोटा बघितला आणि लिहिलं. वाचूनही दाखवलं, ‘बसल्या. जखम भरली.’ मग म्हणाल्या, ‘याला रकाना नाही. इतरमध्ये टाकते. पुढचं माझ्या हातात नाही हं.’ आणि माझ्याकडे वळल्या. ‘तुम्ही काय केलंत?’

‘हिला ऊठ म्हणत होते,’ मी म्हटलं. त्यांनी तेही लिहिलं.

ताई अजून उभीच होती. टेबलाला टेकून, सगळा भार उजव्या पायावर, लाँड्रीत उभी राहायची तशी.

‘ताई,’ मी म्हटलं, ‘बस ना गं.’

‘खुर्चीत बाई आहेत.’

मी मशीनचं स्टूल ओढून तिला दिलं. मशीनचा तेवढाच उपयोग झाला.